तीन पात्यांवरची वाघजाई

“ह्याला दोनच पाती?” काशीराम सकपाळने माझा ड्रोन उलटा धरून बघितला. “आमच्या घरातल्या पंख्याला तीन हायत. मास्तर, तुमाला दुकानदारानं फसवलं.”

पडवीत बसलेली माणसं हसली. मीही हसल्यासारखं केलं. चिंचकोंडच्या वाडीत येऊन आम्हाला बराच वेळ झाला होता आणि तेवढ्या वेळात माझं एकही वाक्य पूर्ण झालं नव्हतं.

“दोन पात्यांवर तो जास्त वेळ उडतो,” मी म्हणालो. “एक पातं पुढं गेलं की मागे ढवळलेली हवा राहते. तिसरं पातं घातलं तर प्रत्येकाला पुढच्यानं ढवळलेल्या हवेतून जावं लागतं. त्यामुळे बॅटरी... म्हणजे वीज जी लागते ती...”

“म्हंजे तिघांनी एकाच भाकरीला हात घातल्यावानी.”

“जवळजवळ तसंच,” मी म्हणालो. एवढी वर्षं शिकवून मला वर्गात हे कधी सुचलं नव्हतं.

मी पॉलिटेक्निकमध्ये अधिव्याख्याता होतो. हवा आणि पाणी कसं वाहतं हा माझा विषय. मुलं शेवटच्या बाकांवर झोपायची आणि मी फळ्याकडे तोंड करून बोलायचो, त्यामुळे कुणाचीच अडचण होत नव्हती. निवृत्तीनंतर चार पंख्यांचा एक ड्रोन मी घरीच जुळवला. तेव्हा ही यंत्रं लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडेही फारशी नव्हती. स्वयंपाकघरातल्या तराजूवर मोटर बांधून मी दोन पात्यांचा पंखा किती जोर लावतो, तीन पात्यांचा किती, याची मापं काढत बसे. त्यावर लेख लिहायचा होता. लिहिला नाही. कुणीतरी आधीच लिहिला असेल, आणि माझ्यापेक्षा बरा, असं वाटत राहिलं.

निर्मला उतेकर माझी विद्यार्थिनी. डिप्लोमा करून ती ग्रामसेविका झाली आणि चिंचकोंड तिच्याकडे आलं. तिनेच आदल्या दिवशी फोन केला होता. “सर, तुमचं ते उडणारं घेऊन याल का?”

काम सोपं होतं आणि भयंकर होतं. वाडी कड्याच्या पायथ्याशी. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. कड्याच्या वरच्या टप्प्यावर जमीन फाटल्याचं एका गुराख्याने पाहिलं होतं, पण वर जायची वाट ओढ्याने तोडली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला खात्री करता येत नव्हती. खालच्या गावातली शाळा रिकामी करून ठेवली होती, टेम्पो सांगून ठेवले होते. वाडी हलायला तयार नव्हती. निर्मला दोनदा येऊन सांगून गेली होती. भेग डोळ्यांनी दिसली तर माणसं ऐकतील, असं तिला वाटत होतं.

“मॅडम, आमी कौल घेतलाय,” काशीराम निर्मलाला पुन्हा म्हणाला. “देवीला विचारलं. ती ऱ्हावा म्हणाली. आता सरकार मोठं का वाघजाई मोठी?”

“मोठी वाघजाईच, काशीरामभाऊ. पण दरडीला विचारलं का?”

“दरड तिच्याच पायाखाली हाय.”

वाघजाईचं मूळ ठाणं वर त्या टप्प्यावर होतं. शेंदूर लावलेला पुरुषभर उंचीचा एक दगड. चैत्रात वाडी वर जाऊन नारळ वाढवायची, बाकी वर्षभर खालच्या देवळीतल्या लहान तांदळ्यावर, म्हणजे शेंदूर लावलेल्या गोट्यावर, भागवायची. कौल तिथेच लावत. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या तांदळाचे दाणे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठला दाणा आधी पडतो ते बघायचं. उजवा पडला होता, म्हणजे होकार.

कौल लावण्याचा मान सकपाळांच्या थोरल्या घराकडे होता. नवरा गेल्यापासून तो भागीरथीबाई चालवत होत्या. सगळी वाडी त्यांना आये म्हणायची. त्या दाराशी बसून सुपात तांदूळ निवडत होत्या आणि आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या बोलल्याशिवाय वाडी उठणार नाही, हे निर्मलाने मला येतानाच सांगितलं होतं.

पाऊस जरा उघडला तेव्हा मी अंगणात जाऊन ड्रोन उडवला. दोन पात्यांवर. त्याच्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र माझ्यापुढच्या लहानशा पडद्यावर दिसत होतं. पडद्याला मी पुठ्ठ्याचा आडोसा केला होता, त्यामुळे तो एखाद्या डब्यासारखा दिसे. माणसं त्या डब्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली. वाडीची कौलारू छपरं दिसली, तेव्हा बायका आपापलं घर ओळखून हसल्या. “माझ्या न्हाणीवर प्लास्टिक नाय राह्यलं गं!” एक ओरडली.

मग तो कड्याजवळ पोचला आणि सगळं बिघडलं. दरीतून वर चढणारा वारा तिथे आडवा येत होता. ड्रोन एका जागी थांबेना. चित्र इतकं थरथरत होतं की खडक, गवत, धुकं सगळं एकच राखी काला झाला.

“ह्यात काय बगायचं?” काशीराम म्हणाला. “म्हातारीच्या हातातला च्या दिसतो असा.”

मी ड्रोन परत आणला. तो सुखरूप उतरला याचा मला लाज वाटावी इतका आनंद झाला. निर्मला माझ्या शेजारी उकिडवी बसली.

“सर, दुसरं काही करता येईल?”

“तीन पात्यांचे पंखे आहेत बरोबर. त्यांची पकड जास्त. वाऱ्यात उभा राहील.”

“मग लावू या ना.”

“वीज फार खातात. वर जाईल, थांबेल. परत येण्याइतकी बॅटरी बहुतेक उरणार नाही. घरी मोजलं तेव्हा उरली असती. पण घरी वारा नव्हता.”

“दुसरा ड्रोन आहे तुमच्याकडे?”

“नाही.”

तिने कड्याकडे बघितलं. मग म्हणाली, “राहू दे सर. मी फोटो मागवते कुणाकडून तरी.” कुणाकडून, ते तिलाही माहीत नव्हतं.

त्या क्षणी मी काही मोठं ठरवलं असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी फक्त नट सोडवायला लागलो होतो. लोकांशी बोलण्यापेक्षा नट सोडवणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. तेवढ्यात समोर सावली पडली. आये सूप बाजूला ठेवून आल्या होत्या.

“ह्ये तिसरं पातं कशाला लागतं?”

“उभं राहायला. वाऱ्यात, एका जागी.”

“आनि दोनाचं?”

“लांब जाऊन परत यायला.”

त्यांनी पंखा बोटांत धरून फिरवून पाहिला, जसा बाजारात एखादा विळा पाहतात.

“मंग तीनच लावा,” त्या म्हणाल्या.

“आये, तो परत नाही आला तर?” निर्मला म्हणाली. “सरांनी स्वतः बनवलाय तो.”

“मास्तर लावतायत. तू का रडतीस?”

मी तीन पात्यांचे पंखे चढवले, बॅटरी बदलली. ड्रोन उठला. अंगणातच एक वाऱ्याचा झोत आला, तसा तो एका कुशीवर कलला आणि तसाच कललेला, न हलता हवेत थांबला. पंख्यांचा आवाज आता वेगळा होता, जाडसर. बाकी सगळी माणसं डब्याकडे धावली. आये एकट्या मान वर करून त्याच्याकडे बघत राहिल्या.

या वेळी कड्याजवळ चित्र थांबलं. अगदी भिंतीवर टांगल्यासारखं. गवताच्या उतारावर आडवी काळी रेघ स्पष्ट दिसत होती. एका ठिकाणी तिचं तोंड इतकं उघडं होतं की आतली लाल माती दिसत होती.

“ही बघा भेग,” निर्मला म्हणाली. “दिसतेय ना? ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“ही गुरांची वाट हाय,” काशीराम म्हणाला.

“वाटेला एवढी खोली असते?”

“पावसानं धुतली. दर साल धुती. मॅडम, तुमी शेरात वाढल्या.”

“मी पोलादपुरात वाढले.”

“त्येच म्हंतो मी.”

दोनतीन जण मान डोलवत होते. मागून एक जण म्हणाला की लावणी अर्धी झालीय, रोपं अशीच टाकून जायचं का. इतकं स्थिर चित्र मी त्यांच्यापुढे धरलं होतं आणि त्यात त्यांना वाटच दिसत होती. काय करावं ते न सुचून मी ड्रोन जरा बाजूला सरकवला, आणि पडद्यावर वाघजाई आली.

बायकांनी हात जोडले. धुक्यात तो शेंदरी दगड एकटाच उभा होता, शेजारी निशाणाची काठी.

“आरं,” काशीराम हळूच म्हणाला. “देवी वाकडी झालीय.”

“खालच्या अंगाला कललीय,” दुसरा कुणीतरी.

“काठी बी.”

“आये, बग. देवी हलली.”

मला लगेच कळलं काय झालंय ते. दगड जिथल्या तिथे होता. ड्रोन वाऱ्याला तोलून धरण्यासाठी कलला होता, त्याच्या पोटाला घट्ट बसवलेला कॅमेरा त्याच्याबरोबर कलला होता. मागे धुकं, क्षितिज नाही, तुलनेला काही नाही. दोन पात्यांवर असतं तर चित्र नाचलं असतं आणि कुणाला काही वाटलं नसतं. तीन पात्यांनी ते इतकं निश्चल धरलं होतं की ते खरंच वाटत होतं.

“नाही, तसं नाहीये,” मी म्हणालो. “तो दगड सरळच आहे, हा जो कॅमेरा आहे ना...”

आयेंचा हात माझ्या मनगटावर आला. खरखरीत आणि गार.

“मास्तर, बोलू नका. चित्र हलंल.”

“पण आये...”

“तितंच धरा.”

मी धरलं. यंत्र बीप करू लागलं.

“त्यो आवाज कसला?”

“बॅटरीचा. आता फिरवलं तर निदान अर्ध्या वाटेपर्यंत...”

“ऱ्हाऊ द्या. ए पारू, हिकडं ये. बग नीट. काशा, तू बग, डोळं फुटलं का तुजं? दामूला हाक मारा, गोठ्यातनं बाहीर काढा त्याला. त्याच्या बायकोला बी.”

एकेका घरातलं माणूस त्यांनी पुढे बोलावलं. प्रत्येकाला खांद्याला धरून डब्यासमोर वाकवलं. कुणी पाया पडलं, कुणी नुसतंच बघून मागे झालं. बीप आता तुटक राहिला नव्हता, सलग झाला होता. दामूची बायको पदर सावरत वाकली, तिने बघितलं, आणि मग पडद्यावर नुसते राखी ठिपके उरले. वरच्या बाजूने काहीच आवाज आला नाही. इतक्या लांबून येणारही नव्हता.

आये सरळ उभ्या राहिल्या. “ती निघाली. वाट दाखवती खालची. उठा, पोरंबाळं घ्या.”

“पर कौल?” काशीराम म्हणाला.

“कौल परवाचा. निघाली ती आज. तू काय तिच्याफुडं शाना हाईस?”

त्यानंतर वाडी अर्ध्या दुपारात रिकामी झाली. मी आयुष्यात पुष्कळ सिद्धता मांडल्या, पण कुणी खुर्चीतून उठल्याचं मला आठवत नाही. इथे माणसं कोंबड्या पाट्यांखाली झाकत होती, शेळ्यांना ओढत होती, देवाचे टाक फडक्यात बांधत होती. काशीराम टीव्ही प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठीवर घेऊन निघाला. माझ्यापाशी थांबून म्हणाला, “मास्तर, तुमची मशीन गेली.” मी म्हटलं, असू दे. तो म्हणाला, “देवीपाशी ऱ्हायली, मंग बरंच.”

मला मात्र चैन पडेना. खोट्या चित्रावर माणसं उठवली होती. भेग खरी होती, पण ती त्यांनी मानली नव्हती, आणि जे मानलं ते खरं नव्हतं. निदान एका माणसाला तरी हे सांगायला हवं होतं. मी वरच्या आळीत आयेंच्या घरी गेलो. त्या चुलीपाशी बसून लाकडं फुंकत होत्या. बोचकं काही दिसत नव्हतं.

“आये, दगड हलला नाही.”

“ठावं हाय.”

“यंत्र कललं होतं. वाऱ्यानं.”

“अंगणातनं उठलं तवाच बगितलं मी. वारा आला का त्ये कलतं.” त्यांनी फुंकणी खाली ठेवली. “तुमी समदे डब्यात बगत हुता.”

मी उंबऱ्यावर बसलो. पाय थकले होते.

“मग तुम्ही सगळ्यांना...”

“आवं, परवा कौल घेतला तवा माजा जीव म्हनत हुता, डावा पडंल, डावा पडंल. उजवा पडला. आता तिला ‘नाय’ कसं म्हनू मी? सकपाळांची सून मी. तिलाच कुनीतरी हलवायला पायजे हुतं. तुमच्या मशीनीनं हलवली.”

“मग चला आता. टेम्पो उभा आहे.”

त्यांनी मान हलवली.

“आये?”

“मी तिला इचारलं, आमी ऱ्हावं का. ती म्हनाली, ऱ्हावा. समदेच गेलं तर तिचा सबुद खोटा पडतो. एकानं तरी ऱ्हायला पायजे ना?”

“तिचा शब्द खरा ठेवायला तुम्ही इथे...”

“कुनाला सांगू नका, मास्तर. ती निघाली म्हनून समदी निघालीत. निघाली नाय असं कळलं तर उद्या सकाळी परत येतील, लावनीला.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “च्या घेता?”

मी चहा घेतला नाही. धावत निघालो, जेवढं मला धावता येतं तेवढं. निर्मलाला एवढंच सांगितलं की आये येत नाहीत. ती काशीरामला आणि दामूला घेऊन वर आली. आयेंनी त्यांना निराळंच सांगितलं. देवीची पाठवणी करायची आहे, मानकरी शेवटी निघतो, सकाळी येते. काशीराम हातापाया पडला. दामूने उचलून नेऊ म्हटलं, तेव्हा त्यांनी घराच्या मेढीच्या खांबाला मिठी मारली आणि त्या दोघांना लेकरांची शपथ घातली. ओढ्याचं पाणी रस्त्यातल्या फरशी पुलावर चढायला लागलं होतं. टेम्पोवाला भोंगा वाजवत होता.

उतरताना निर्मला माझ्या शेजारी बसली होती. “त्या सकाळी येणार नाहीत ना, सर?”

“नाही.”

“मला वाटलंच होतं.” तिने ओढणीने चेहरा पुसला. “पण वाडी हलली.”

दरड दुसऱ्या दिवशी दुपारी आली. वरची आळी पूर्ण गेली, खालच्या आळीत छपरापर्यंत चिखल. आयेंचं घर वरच्या आळीत होतं.

त्यानंतर काही दिवस लोक माझं नाव घेऊन बोलत. कुणीतरी शाल आणली होती, ती मी घेतली नाही, आणि न घेणं हेही चढेलपणाचं दिसलं असेल म्हणून बरेच दिवस झुरत राहिलो. नवा ड्रोन मी बनवला नाही. मोटर बांधलेला तराजू बायकोने परत स्वयंपाकघरात नेला.

नवी वाडी रस्त्याला लागून वसली. काही वर्षांनी चैत्रात काशीराम माझ्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने चहा बशीत ओतून घेतला.

“देवी बसवतोय, मास्तर. नवीन दगड घडवून आनलाय. तुमी आल्याबिगर बसवायची नाय, असं ठरलंय.”

“मी काय करणार तिथे?”

“तुमी बगितली तिला. आमी बी बगितली, पर आमचं डोळं भरलेलं हुतं.” मग बशीत बघत म्हणाला, “आमाला तिनं सांगितलं, आमी उठलो. आयेला बी सांगितलंच की. तिनं ऐकलं नाय. मानकरी असून ऐकलं नाय. मी अजून तिच्यावर रागवलेलोच हाय, मास्तर.”

मी काही बोललो नाही. बोलायचं नाही, असं मला सांगितलेलं होतं.

मी गेलो. चौथरा तयार होता. शेंदूर लावलेला नवा दगड चौघांनी धरला होता, आणि त्याच्या बुडाशी गवंडी ओलं सिमेंट थापत होता. त्याने सवयीने खिशातून ओळंबा काढला आणि दगडाला लावायला गेला.

“त्यो ओळंबा ठेव खिशात,” काशीराम ओरडला. “सरळ बसवायची असती तर तुला कशाला बोलावला असता?”

“मंग कशी बसवू?”

“ती निघाली तवा हुती तशी. खालच्या अंगाला जराशी.” तो माझ्याकडे वळला. सगळी वाडी माझ्याकडे वळली. पारू होती, दामू होता, त्याची बायको कडेवरचं मूल घेऊन उभी होती. “सांगा, मास्तर. बराबर हाय का? का अजून पायजे?”

त्या दिवशीचा वारा मला आठवत होता. त्या वाऱ्यात माझं यंत्र किती कललं होतं ते मी आजही अंशांत सांगू शकेन. त्या दगडाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे सांगू शकणारा मी एकटाच उरलो होतो. सगळे थांबले होते. दगड धरणाऱ्यांचे हात थरथरायला लागले होते.

“अजून थोडी,” मी म्हणालो. “डावीकडे.”

गवंड्याने पाचर सैल केली. दगड हळूहळू कलू लागला, बायकांनी हात जोडले. मी डोळे बारीक करून बघत राहिलो आणि मग हात वर केला.

“बस.”